गाडीवर सायकल न्यायची तर रॅक कसा निवडावा, कसा बसवावा

रॅकच्या खरेदीत घोळ होतो तो क्रमाचा. ऑनलाइन सवलत दिसली की आधी रॅक मागवला जातो. शनिवारी संध्याकाळी तो गाडीला लावून बघतात आणि रविवारी पहाटे लोणावळ्याला निघायच्या तोंडावर कळतं, की सायकल त्यात नीट बसतच नाही. मग सुतळी, बंजी कॉर्ड, जुनी ओढणी, हाताला लागेल त्याने सायकल बांधायची आणि निघायचं. ८० च्या वेगात गाडीवरून सुटलेली १५ किलोची सायकल मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव घेऊ शकते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी सायकल मोजायची, मग गाडी तपासायची, मग रस्ता आणि पार्किंग बघायचं, आणि रॅकच्या पानावर त्यानंतरच जायचं.

## टप्पा १: सायकलींची मापं कागदावर घ्या

घरातली जी जी सायकल कधीतरी गाडीवर चढणार आहे, ती प्रत्येक मोजा. रॅक स्वतःच्या सायकलसाठी घेतला जातो आणि सहा महिन्यांत त्यावर मुलीची छोटी सायकल आणि मित्राची एमटीबी (माउंटन बाइक) चढते. अडचण तिथे येते.

वजन. घरातल्या वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहा, मग सायकल उचलून उभे राहा, आणि वजाबाकी करा. चांगली रोड बाइक ८ ते १० किलोची असते, हायब्रिड आणि एमटीबी साधारण १३ ते १६ किलोची. ई-सायकल २० किलोच्या आसपास किंवा त्याहून जड असते. मुलांच्या सायकलींना हलकं समजू नका, लोखंडी फ्रेमची छोटी सायकल सहज १२ किलो भरते.

दांडी. बरेच रॅक सायकलला वरच्या दांडीने पेलतात. लेडीज सायकलला आणि मुलांच्या सायकलीला आडवी दांडी नसते, आणि काही फुल सस्पेन्शन एमटीबींची दांडी इतकी उतरती असते की रॅकच्या दोन्ही हातांवर ती टेकतच नाही. अशा सायकलींसाठी सीटचा खांब आणि हँडलचा स्टेम यांना जोडणारी वेगळी आडवी दांडी मिळते. ती खर्चात आत्ताच धरा.

पुढचा अॅक्सल. पुढचं चाक कसं निघतं ते पाहा. खटका उघडून निघत असेल तर क्विक रिलीज. जाड अॅक्सल फिरवून पूर्ण बाहेर काढावा लागत असेल तर थ्रू अॅक्सल, तो बहुधा १२ किंवा १५ मिमीचा असतो. नटाने आवळलेलं असेल तर प्रत्येक वेळी पाना लागणार. फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला) पकडणारा रॅक घ्यायचा असेल तर याच मापावर सगळं अवलंबून आहे.

टायरची रुंदी आणि मडगार्ड. चाकावर दाब देऊन सायकल धरणाऱ्या रॅकचा हात पुढच्या टायरवर बसतो. तिथे पूर्ण लांबीचं मडगार्ड असेल तर ते दाबलं जाऊन मोडतं. ४ इंची टायरच्या फॅट बाइकला नेहमीची पन्हळ (रॅकवर चाक बसतं ती खाच) आणि नेहमीचे पट्टे पुरत नाहीत.

लांबी. पुढच्या टायरच्या टोकापासून मागच्या टायरच्या टोकापर्यंत टेप लावा. हा आकडा टप्पा ३ मध्ये लागेल.

> सावध: फ्रेम कार्बनची असेल तर दांडीला किंवा डाउन ट्यूबला (हँडलकडून पायडलकडे उतरणाऱ्या नळीला) पकडीने आवळणारा रॅक घेऊ नका. कार्बन नळीला बाजूने दाब सोसत नाही, आणि आत पडलेली चीर वरून दिसेलच असं नाही. चाकाने किंवा फोर्कने धरणारा रॅकच बघा. गोव्याच्या ट्रायथलॉनला ट्राय बाइक घेऊन जाणाऱ्यांसाठी तर हा एकच मार्ग आहे, कारण त्या फ्रेमच्या चपट्या नळ्या गोल जबड्यात बसतही नाहीत.

## टप्पा २: गाडीची ताकद तपासा

गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपावर किती वजन चालतं याचा आकडा शोधा. बऱ्याच गाड्यांना ५० ते ७५ किलोंची मर्यादा असते, काही छोट्या गाड्यांना त्याहून कमी. आकडा दिलेलाच नसेल किंवा टपावर कॅरिअर लावू नका असं लिहिलं असेल, तर टपाचा विचार तिथेच सोडा. अॅक्सेसरीच्या दुकानातला माणूस "सगळे लावतात" म्हणेल. पत्रा बसला तर तो भरून देणार नाही.

या मर्यादेत रॅक ज्यांवर बसतो त्या टपावरच्या आडव्या दांड्यांचं वजनही मोजायचं असतं, आणि नेमकं तेच विसरलं जातं. समजा मर्यादा ५० किलो आहे. दोन आडव्या दांड्या ५ किलो, सायकलींच्या दोन पन्हळी प्रत्येकी ४ किलो, म्हणजे १३ किलो रॅकचेच झाले. उरले ३७. त्यात १५ किलोच्या दोन सायकली म्हणजे ३० किलो, बसलं. तिसरी पन्हळ आणि तिसरी सायकल चढवली की बेरीज ६२ वर जाते. टपावर जागा आहे, म्हणून तिसरी सायकल चालेल असं होत नाही.

आता टपाच्या कडा पाहा. गाडीला उंच रेल असेल आणि तिच्याखालून हात जात असेल तर रॅक बसवणं सोपं. रेल टपाला चिकटून सलग असेल तर वेगळे पाय लागतात. रेलच नसेल तर दाराच्या चौकटीला पकडणारे पाय येतात आणि त्यासोबत त्या-त्या मॉडेलचं वेगळं किट लागतं. ओम्नीसारख्या जुन्या घडणीच्या गाड्यांना टपाच्या कडेने पन्हळ असते, तिलाही पकडता येतं.

> सावध: आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांवरची रुफ रेल शोभेची असते. काही नुसत्या दुतर्फी टेपने चिकटवलेल्या असतात, काही बाजारात नंतर लावून घेतलेल्या. रेल हाताने हलवून बघून हे कळत नाही. रेलवर भार चालतो असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असेल तरच ती खरी माना.

डिकीवर पट्ट्यांनी बसणारा रॅक मनात असेल तर फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन खाली जा. डिकीच्या दाराच्या वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना ते लावून बघा. रॅकचे आकडे (हुक) याच कडांत अडकतात. चुंबक चिकटलं तर पत्रा आहे. घसरून पडलं तर तिथे बहुधा प्लास्टिक आहे, आणि प्लास्टिकमध्ये आकडा अडकवायचा नाही. हॅचबॅक आणि छोट्या एसयूव्हींना डिकीच्या वर जो स्पॉयलर असतो तो बहुतेक वेळा प्लास्टिकचा असतो, आणि वरचे दोन्ही आकडे नेमके तिथेच येतात. त्या आकड्यांवरच सगळा भार असतो. स्पॉयलरखाली थेट काच सुरू होत असेल तर काचेच्या कडेलाही आकडा लावू नका. असा डिकी रॅक तुमच्या गाडीसाठी नाही हे पाच मिनिटांत कळेल आणि पैसे वाचतील.

याच फेरीत आणखी काही गोष्टी लिहून घ्या: सायलेन्सरचं तोंड कुठल्या बाजूला आहे, मागचा वायपर कुठे थांबतो, नंबरप्लेट डिकीच्या दारावर आहे की बंपरवर, सनरूफ वर उचललं जातं का, आणि टपावर अँटेना कुठे आहे.

## टप्पा ३: रस्ता, पार्किंग आणि कायदा

टपावर उभ्या सायकली न्यायच्या तर उंचीची बेरीज करा. वॅगन आरची उंची १,६७५ मिमी आहे. रॅकचे साधारण १५ सेंटीमीटर आणि उभ्या सायकलीचे साधारण १०५ सेंटीमीटर धरले, तर एकूण २.८५ मीटरच्या पुढे जातं. मॉलच्या आणि इमारतींच्या तळघरातल्या पार्किंगची उंची बरेचदा २.१ ते २.४ मीटर असते. टपावरच्या सायकलींचा घात महामार्गावर क्वचित होतो. तो होतो घरी पोचल्यावर, सवयीने बेसमेंटच्या उतारावर गाडी घालताना. सोसायटीत तळघरातच पार्किंग असेल आणि चढवण्या-उतरवण्यासाठी बाहेर जागा नसेल, तर टपाचा रॅक निवडण्याआधी दोनदा विचार करा.

मागे लावायचा तर प्रश्न रुंदीचा. मागच्या रॅकवर सायकल आडवी राहते. वॅगन आरची रुंदी १,६२० मिमी, स्विफ्टची १,७३५. २९ इंची चाकांची एमटीबी टोकाला टोक १,८०० मिमीच्या पुढे जाते. म्हणजे वॅगन आरच्या दोन्ही बाजूंनी चाक ९-९ सेंटीमीटर बाहेर येणार, तेही ड्रायव्हरच्या नजरेआड. लक्ष्मी रोडसारख्या गर्दीच्या रस्त्यावर दुचाक्या गाडीला घासून जातात, तिथे हे ९ सेंटीमीटर खूप झाले. पुढचं चाक काढून आत ठेवलं की सायकल ३५ सेंटीमीटरने आखूड होते आणि प्रश्न मिटतो. मात्र त्यासाठी रॅक दांडीने पेलणारा हवा. सायकल चाकांवर उभी करणारा चालत नाही.

कायद्याचंही इथेच बघून घ्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४(१-ए) नुसार माल गाडीच्या बाजूंच्या बाहेर, किंवा पुढे, मागे आणि उंचीत परवानगीपेक्षा जास्त आला तर २०,००० रुपये दंड आहे, आणि तो माल उतरवण्याचा खर्चही भरावा लागतो. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत हे वेगळंच. रस्त्याकडेच्या दुकानातून दुसरी प्लेट रंगवून रॅकला टांगणं हा उपाय म्हणून सांगितला जातो. ती एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) नसते, त्यामुळे झाकलेल्या खऱ्या प्लेटची जागा ती घेऊ शकत नाही.

## टप्पा ४: रॅक खरंच हवा का?

दोन माणसं आणि एक-दोन सायकली असतील तर आधी गाडीच्या आत मावतात का ते करून बघा. माझं मत विचाराल तर महिन्यातून एकदाच जाणाऱ्या जोडीने रॅकवर पैसे घालू नयेत. सायकल आत असली की पाऊस, चोरी, उंची, रुंदी, दंड यातला एकही प्रश्न उरत नाही.

मागची सीट पाडा. पुढचं चाक काढलं की एक सायकल बहुतेक हॅचबॅकमध्ये जाते. दोन न्यायच्या असतील तर दोन्हींची दोन्ही चाकं काढावी लागतील. गाडीच्या डिकीत सीएनजीचं सिलिंडर असेल तर मात्र जागा उरत नाही आणि टपाला किंवा मागच्या रॅकला पर्याय नाही.

आत नेताना चेन मागच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चक्रावर आणा, म्हणजे मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) आत सरकतो. डिरेलर वर राहील अशी सायकल आडवी करा. दुसऱ्या सायकलीआधी मध्ये जुनी चादर घाला, आणि फोर्कची उघडी टोकं सीटच्या कापडात घुसू नयेत म्हणून त्यांवर जुने मोजे चढवा.

> सावध: हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल आणि चाक काढलेलं असेल, तर ब्रेकच्या दांडीला हात लावू नका. पॅड आतल्या आत मिटतात आणि चाक परत जाईना होतं. नवीन सायकलीसोबत प्लास्टिकची एक चकती मिळते, ती पॅडमध्ये अडकवून ठेवा. नसेल तर जाड पुठ्ठ्याची घडीही चालते.

## टप्पा ५: प्रकार निवडा

आता हातात मापं आहेत. त्यांवरून चारातले दोन-तीन प्रकार आपोआप गळतात.

डिकीवर पट्ट्यांचा रॅक. सगळ्यात स्वस्त, घडी घालून ठेवता येणारा, एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर नेता येणारा. बऱ्याच रॅकची मर्यादा एका सायकलीला १५ किलो असते, म्हणजे ई-सायकल बाद. रॅक लावलेला असताना डिकी उघडत नाही. मागचं दृश्य झाकलं जातं, पार्किंग सेन्सर सतत ओरडतो. शहराबाहेर ४०-५० किलोमीटर जाऊन यायला, दोन हलक्या सायकलींसाठी हा ठीक आहे. पुण्याहून गोव्याला जाताना, आंबोली किंवा चोर्ल्याच्या वळणांवर, तीन सायकली लादून मी हा सुचवणार नाही. कंपनीची मर्यादा तीनची असली तरीही नाही. पट्टे प्रत्येक खड्ड्याला थोडे थोडे ढिले होत जातात आणि लांबच्या प्रवासात ते तपासायचा कंटाळा येतो.

स्टेपनीवरचा रॅक. थार किंवा जिम्नीसारख्या, स्टेपनी मागच्या दारावर असलेल्या गाड्यांसाठी. पत्र्याला हात लागत नाही, म्हणून रंग वाचतो. पण भार शेवटी दाराच्या बिजागऱ्यांवर येतो आणि त्या आधीच स्टेपनी पेलत असतात. दोन सायकलींवर जाऊ नका. घेण्याआधी स्टेपनीचं कव्हर काढून मोजा. रॅक चाकाच्या बोल्टांवर बसणारा असेल तर बोल्टांची पुरेशी लांबी बाहेर उरते का, तेही बघा.

टपावरचा रॅक. खरी रेल किंवा योग्य किट असेल, बाहेर मोकळं पार्किंग असेल आणि सायकल डोक्यावर उचलण्याची ताकद असेल, तर लांबच्या प्रवासाला आणि चौघांच्या कुटुंबाला सगळ्यात चांगला. डिकी उघडते, दिवे-नंबरप्लेट मोकळे राहतात, मागून कुणी ठोकलं तर सायकली वाचतात. आडव्या दांड्या आणि प्रत्येक सायकलीची पन्हळ यांचे पैसे वेगवेगळे असतात, म्हणून किंमत विचारताना पूर्ण संचाची विचारा.

यातही तीन उपप्रकार आहेत आणि गोंधळ इथेच होतो. फोर्क पकडणारी पन्हळ सगळ्यात घट्ट धरते आणि सायकल थोडी बुटकी राहते, पण पुढचं चाक काढून वेगळं ठेवावं लागतं आणि थ्रू अॅक्सलला जुळणारा अडॅप्टर घ्यावा लागतो. डाउन ट्यूबला जबड्याने धरणारी पन्हळ चढवायला पटकन होते आणि लोखंडी-अॅल्युमिनियमच्या सायकलींना उत्तम. चाकावरून दाबणारी पन्हळ फ्रेमला शिवत नाही, त्यामुळे कार्बनलाही योग्य, मात्र मडगार्ड नको. घरात कार्बनची एक आणि लेडीज सायकल एक असेल तर दोन वेगळ्या पन्हळी घ्यायला काहीच हरकत नाही.

उंची हा प्रश्न ताकदीइतकाच खांद्याचाही आहे. उंच एसयूव्हीच्या टपावर १५ किलोची एमटीबी चढवताना पायाखाली स्टूल लागतो आणि डोक्यावरून तोल जातो. दुकानात घेऊन पाहा. एकट्याला जमत नसेल तर हा प्रकार तुमचा नाही.

हिचवरचा रॅक. परदेशात हा लोकप्रिय आहे, कारण तिथे गाड्यांना मागे ट्रेलर जोडायचं चौकोनी सॉकेट (हिच) सहज मिळतं. अमेरिकेतले नातेवाईक येताना असा रॅक आणून देतो म्हणतात. तो सव्वा किंवा दोन इंची सॉकेटसाठी असतो आणि इथल्या बहुतेक गाड्यांना तसं काही नसतंच. मग वेल्डिंगवाल्याकडून बंपरमागे पट्टी जोडून घेतली जाते. तसं करू नका. त्या जोडाची ताकद कुणी तपासलेली नसते, गाडीच्या रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हाच बदल पुढे करेल. शिवाय आपले गतिरोधक उंच असतात, आणि हिचचा रॅक मागे खाली आलेला असल्यामुळे त्यांवर घासतो.

## टप्पा ६: पैसे देण्याआधी

दुकानात गाडी आणि सायकल दोन्ही घेऊन जा. ऑनलाइन घेणार असाल तर कंपनीच्या यादीत तुमच्या गाडीचं मॉडेल आणि वर्ष दोन्ही शोधा. नाव तेच राहून गाडीची पिढी बदलली की डिकीचा आकार बदलतो. परदेशी कंपन्यांच्या याद्यांत भारतात विकल्या जाणाऱ्या काही मॉडेल्सचा उल्लेखच नसतो. "सगळ्या गाड्यांना बसतो" हे वाक्य यादी म्हणून धरू नका.

टपाच्या रॅकबाबत आयएसओ १११५४ या मानकाचा उल्लेख खोक्यावर आहे का ते पाहा. ते टपावरच्या कॅरिअरच्या चाचणीचं मानक आहे. सुटे पट्टे आणि बकल नंतर मिळतील का हेही विचारा. रॅकचा सांगाडा वर्षानुवर्षं टिकतो, आधी कुजतात ते पट्टे आणि रबर. सुटे भाग न मिळणारा स्वस्त रॅक दोन पावसाळ्यांनंतर भंगारात जातो.

> तपासा: दुकानात रॅक लावून डिकी पूर्ण उघडून बघा. टपावरच्या पन्हळीचं मागचं टोक डिकीच्या दारावर आपटतं का? सनरूफ वर उचललं तर दांडीला लागतं का? यातलं काहीही होत असेल तर दांड्या किंवा पन्हळी पुढे-मागे सरकवून जागा सापडते का, हे तिथेच ठरवा.

## टप्पा ७: रॅक बसवा

निघण्याच्या आदल्या दिवशी, उजेडात बसवा. पहाटे चार वाजता मोबाइलच्या टॉर्चमध्ये नको.

डिकी रॅकचा क्रम असा:

१. ज्या ज्या ठिकाणी रॅकचे पाय आणि आकडे टेकणार आहेत ती जागा ओल्या फडक्याने पुसा. रबराखाली धुळीचे चार कण राहिले तर प्रवासभर ते रंगावर घासतात, आणि रॅक काढल्यावर तिथे पांढरट चट्टा दिसतो.

२. डिकीत ठेवायचं सामान आधी ठेवून घ्या. नंतर डिकी उघडणार नाही.

३. वरचे आकडे लावा, रॅकची उंची ठरवा. खालचे पाय काचेवर नाहीत, पत्र्यावर किंवा बंपरवर आहेत हे बघा.

४. मग खालचे पट्टे, मग बाजूचे. बाजूचे पट्टे रॅक डावी-उजवीकडे झुलू देत नाहीत. "दोन कमी लावले तरी चालतं" म्हणून तेच वगळले जातात, आणि घाटातल्या वळणांवर सगळ्यात जास्त गरज त्यांचीच असते.

५. सगळे पुन्हा एकदा आवळा. खालचे ओढले की वरचे ढिले पडलेले असतात.

६. पट्ट्यांची उरलेली टोकं गुंडाळून बांधा. लोंबती ठेवली तर वाऱ्याने ती रंगावर फटके मारत राहतात.

टपाच्या दांड्यांना एकच नियम: मॅन्युअलमध्ये दिलेल्या खुणांवर दोन्ही दांड्या ठेवा आणि दोन्हींमधलं अंतर डाव्या-उजव्या बाजूला टेपने मोजून सारखं करा. चारही पाय थोडे थोडे, आळीपाळीने आवळा.

> तपासा: रिकामा रॅक दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. रॅकसोबत गाडी हलली पाहिजे. गाडी जागची हलत नसेल आणि रॅकच डुलत असेल, तर सायकल चढवू नका.

## टप्पा ८: सायकली चढवा

आधी सायकलवरचं सगळं सुटं काढा: पाण्याची बाटली, पंप, दिवे, मीटर, सीटखालची पिशवी, टोपली. ई-सायकलची बॅटरी काढून गाडीत घ्या. मुलाची सीट लावलेली असेल तर तीही उतरवा, ती वाऱ्यात शिडासारखी धरते. त्याच कारणासाठी टपावरच्या सायकलीला ताडपत्री किंवा कव्हर घालू नका. पावसाची काळजी असेल तर सीटवर आणि हँडलच्या बेअरिंगवर प्लास्टिक घट्ट गुंडाळा, तेवढं पुरे.

मागच्या रॅकवर सगळ्यात जड सायकल गाडीला लागून. दुसरी तिच्या उलट तोंडाची, म्हणजे दोन्हींची हँडलं एकमेकांत अडकत नाहीत. गाडीच्या बाजूचा पायडल पत्र्यात घुसतो आणि पोचा पडतो, म्हणून क्रँक फिरवून पायडल दूर करा आणि फ्रेमला बांधा. जमत नसेल तर पायडल काढा. पाना वरच्या दिशेने उभा धरायचा आणि मागच्या चाकाकडे वळवायचा, दोन्ही बाजूंचे पायडल असेच सुटतात. डावीकडचे आटे उलटे असतात, त्यामुळे नेहमीच्या दिशेने जोर लावणारे तो आणखी आवळून बसतात.

पुढचं चाक मोकळं सोडू नका. ते वाऱ्याने वळतं, हँडल फिरतं आणि काचेवर आदळतं. चाक डाउन ट्यूबला पट्ट्याने बांधा. सायकल ते सायकल एक पट्टा आणि सायकल ते रॅक एक जादा पट्टा घ्या. हा जादा पट्टा बकलचा असावा, बंजी कॉर्ड नको. ताणली जाणारी दोरी धक्क्याला लांबते आणि सायकल तेवढी उडते.

> सावध: सायलेन्सरच्या तोंडासमोर टायर किंवा कार्बन रिम येत नाही ना ते खाली वाकून बघा. गरम धुराने टायर विरघळलेला मुक्कामी पोचल्यावरच कळतो. येत असेल तर सायकल उलटी फिरवा किंवा चाक काढा.

मग मागे दहा पावलं जाऊन उभे राहा आणि कुणाला तरी ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स लाइट लावायला सांगा. काय झाकलं गेलंय ते तिथून स्पष्ट दिसतं. ब्रेव्हेसाठी (लांब पल्ल्याच्या सायकल राइडसाठी) पहाटे अंधारात निघणाऱ्यांनी हे कधीच चुकवू नये. सायकलचा लाल ब्लिंकर मागे लावला तर चांगलंच, पण गाडीचा झाकलेला ब्रेक लाइट त्याने भरून निघत नाही.

टपावर सायकली असतील तर एकूण उंची मीटरमध्ये लिहून ती चिठ्ठी स्टिअरिंगसमोर चिकटवा.

## टप्पा ९: रस्त्यावर

पहिला थांबा १० किलोमीटरच्या आत घ्या. पट्टे जागा घेतात आणि पहिल्या काही किलोमीटरमध्येच सगळ्यात जास्त ढिले होतात. त्यानंतर घाट उतरल्यावर, खराब रस्ता संपल्यावर आणि चहाच्या प्रत्येक थांब्यावर हाताने ओढून बघा. पावसात जास्त वेळा, कारण नायलॉनचा पट्टा भिजला की सैल पडतो.

वेग ८० च्या आत ठेवा, मर्यादा १०० ची असली तरी. टपावर सायकली असताना गाडी बाजूच्या वाऱ्याला जास्त दबते. पुलावर किंवा ट्रकला ओलांडून पुढे येताना हा झटका स्टिअरिंगवर जाणवतो. जुन्या रस्त्यांवर वडाच्या फांद्या खाली आलेल्या असतात, तिथे डाव्या कडेने जाऊ नका. गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबवूनच चढवा, मागे लोंबणाऱ्या वजनाची उसळी आत बसून कळत नाही.

गाडी चालू असताना मागून नवा आवाज आला, कसलाही असो, तर बाजूला घ्या आणि उतरून बघा.

धाब्यावर जेवायला बसताना गाडी नजरेसमोर येईल असं टेबल घ्या. रॅकला कुलूप असलं तरी एक जाड केबल लॉक दोन्ही फ्रेममधून आणि रॅकमधून ओवून लावा. रॅकचं कुलूप सायकल रॅकला धरतं, पण पट्ट्यांचा रॅक सुरीने कापून सायकलीसकट नेता येतो. म्हणून केबलचं दुसरं टोक गाडीच्या टो हुकला अडकवा.

## टप्पा १०: परत आल्यावर

घराजवळ पोचल्यावर सोसायटीच्या गेटबाहेरच थांबा आणि सायकली तिथेच उतरवा. उतरवताना क्रम उलटा: बाहेरची, हलकी सायकल आधी. सायकलीचा भार हातांवर घेईपर्यंत शेवटचा पट्टा सोडू नका.

पावसातून आला असाल तर चेन पुसून तेल द्या. ताशी ८० च्या वेगाने आलेलं पाणी हबच्या आणि हँडलच्या बेअरिंगमध्ये शिरतं, सायकल पावसात चालवल्यावर शिरतं त्याहून जास्त. काही दिवसांत चाक फिरवताना खरखर जाणवली तर बेअरिंग उघडून ग्रीस बदलून घ्या.

रॅक काढून ठेवा. टपावरच्या रिकाम्या दांड्या रोज शीळ घालतात आणि पेट्रोलही जास्त लागतं. डिकी रॅकचे पट्टे उन्हात राहिले की कडक होतात. घरात, कोरडे करून, गुंडाळून ठेवा. पुढच्या वेळी लावण्याआधी प्रत्येक पट्टा बकलच्या तोंडाशी दुमडून बघा. तिथे धागे पिसारलेले किंवा रंग उडून पांढुरके झालेले दिसले तर तो पट्टा बदला, बाकीचे चांगले असले तरी.